कवळीच्या पावडरीची नखं

मी माणसाकडे बघते ती दातांपासून. समोरचा बोलायला लागला की त्याचे दात स्वतःचे की बसवलेले, बसवलेले असतील तर मांडणी कोणी केली असेल, हे माझ्या मनात सुरू होतं आणि तो काय बोलला ते राहून जातं. विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याचा भयंकर राग येतो. पण ज्या हातांनी मी कवळ्या केल्या त्या हातांचंच हे दुखणं आहे, तेव्हा खोड आधीच सांगून टाकलेली बरी.

लिहायला निमित्त झालं भाचीचं. परवा ती घरी आली ती दहाही बोटांना लांबलचक, चकचकीत नखं लावून. आता डोंबिवलीत त्यासाठी वेगळी दुकानं निघाली आहेत. "मामी, कशी दिसतायत?" म्हणाली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. मी एवढंच विचारलं, "खाजतं का गं?" ती म्हणाली, "थोडंसं. सुरुवातीला होतं म्हणे." मग मी तिला माझी हकीकत सांगितली. अर्धी तिने ऐकली, अर्धी तिच्या फोनने. म्हणून लिहून ठेवते आहे. जिला गरज पडेल ती निवांत वाचेल.

*

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्याला नौपाड्यात सामंत सरांची लॅब होती, कवळ्या करण्याची. बाहेर एक खोली, आत एक खोली. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे, आम्ही कवळी करून परत पाठवायचो. पेशंट आम्हाला कधी दिसत नसे. दिसायच्या त्या फक्त त्याच्या हिरड्या, प्लास्टरमध्ये उतरलेल्या. मी खरं तर फोन घ्यायला म्हणून लागले होते. पण फोनपाशी कमी आणि सरांच्या टेबलापाशी जास्त सापडायचे. एक दिवस सरांनी मेणाची पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नुसती बघत काय उभी राहतेस, मांड दात."

तेव्हापासून मी ते काम करत होते. आधी मेणात दात मांडायचे. मग साच्यातलं मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं. त्याची एक पावडर असते आणि एक लिक्विड, नाकात झोंबणाऱ्या वासाचं. दोन्ही कालवलं की त्याचं पीठ होतं. आधी ते रेताड असतं, मग त्याला तार सुटते, मग एका क्षणी ते बोटांना चिकटायचं थांबतं. त्या क्षणी उचलायचं, मळायचं आणि साच्यात दाबायचं. हातमोजे कोणी घालत नसे. तो क्षण घड्याळाला कळत नाही, बोटांना कळतो. माझ्या बोटांना तो सरांच्याही आधी कळायचा आणि याचा मला गर्व होता. मला त्या कामाचं वेड होतं, असं सरळच लिहिते.

नखं मात्र कामात झिजायची. घासायच्या मशीनवर अर्धं नख जायचं, उरलेलं पॉलिशच्या भुकटीत. त्याचं मला काही वाटायचं नाही, नणंदेचा साखरपुडा होईपर्यंत.

*

मीनल माझी धाकटी नणंद. तिच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी मला कुंकू लावलं, माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "कामाचे हात आहेत हो तुमचे." बायकांना कळतं असल्या वाक्याचा अर्थ काय असतो ते. घरी येताना मीनल म्हणाली, "वहिनी, लग्नात सगळं ओवाळणं तुझ्याकडे आहे. आणि व्हिडिओवाला बरोबर तबकावरच लाइट मारतो."

लग्न कल्याणला हॉलमध्ये होतं. मी ब्लाउज शिवायला टाकले, फेशियल करून घेतलं. त्या पार्लरमध्ये एक परदेशी मासिक पडलेलं होतं. त्यात एका बाईच्या बोटांवर नखं बसवतानाचे फोटो होते. शेजारी एका वाटीत पावडर, एका वाटीत लिक्विड. मला हसूच आलं. ही तर आमची दुरुस्तीची पावडर. तुटलेली कवळी जोडायला ती वापरतात, उकळायची गरज नाही, जागच्या जागी कडक होते. जे मुंबईच्या मोठ्या पार्लरमध्ये जाऊन करायचं ते माझ्या टेबलाच्या खणात पडलेलं होतं.

धोका वगैरे माझ्या मनातही आलं नाही. माझा हिशेब साधा होता: माणूस कवळी तोंडात घालून जेवतो, झोपतो, तिने हिरडीला काही होत नाही, मग नखाला काय होणार? ही चूक पार्लरवालीने केली नसती. कवळ्या करणाऱ्या बाईनेच करावी अशी होती. तोंडात जाते ती शिजलेली, पुरी कडक झालेली कवळी. मी लावत होते ते कच्चं लिक्विड, तेही नख खरवडून. जोड घट्ट बसावा म्हणून आम्ही कवळी आधी खरवडतो, तशी मी माझी नखं मशीनवर खरवडली. मग ब्रशने थर दिले. कडक होताना ते इतकं तापलं की मी बोटं तोंडाशी नेऊन फुंकर घालत बसले. नंतर आकार दिला, पॉलिश केलं.

सर बाहेरून आले, माझं बोट उजेडात धरून बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "फिनिशिंग झकास आलंय."

विलास डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. तो तेवढा म्हणाला, "केमिकल आहे ते वैशू, बोटांवर काय घेऊन बसतेस?"

"तुमच्या कंपनीतलं नाही ते. म्हातारी माणसं तोंडात घालतात," मी म्हणाले आणि विषय संपवला.

लग्न देखणं झालं. मी ओवाळलं, लाइट तबकावर आला, विहीणबाईंनी बघायचं ते बघितलं. त्या दिवशी मी सारखी हात हलवून बोलत होते. मला फार आनंद झाला होता आणि तो आज नाकारण्यात काही अर्थ नाही.

*

खाज लग्नानंतर लगेच सुरू झाली. मी मेंदीवर ढकललं, मग हळदीवर, मग नव्या साबणावर. बोटांची टोकं लाल झाली, सुजली, बधिर वाटायला लागली. डोळ्यांच्या पापण्यांना खवले आले. डोळे काही मी लिक्विडमध्ये बुडवले नव्हते, त्याच बोटांनी दिवसभर चोळत मात्र होते, पण दोन गोष्टींचा संबंध मला लागला नाही. पूजा व्हायची होती, मीनल पहिल्यांदा माहेरी यायची होती, तोवर नखं राहू देत असं मी ठरवलं. नखं वाढली तशी मुळाशी फट पडली. ती मी नव्या मिश्रणाने भरली. फटीतून पाणी आत जात होतं आणि एके दिवशी अंगठ्याच्या नखाखाली हिरवट डाग दिसला.

वाचणाऱ्या मुलींनो, इथे थांबायचं असतं. खाज, सूज, डाग, काहीही दिसलं तर वर आणखी थर देऊन झाकायचं नाही. ओढूनही काढायचं नाही. डॉक्टरकडे जायचं. मी झाकलं.

शेवट गोदरेजच्या कपाटाने केला. कपाट लोटताना मधल्या बोटाचं नख फटीत अडकलं. साधं नख असतं तर तुटलं असतं. माझं काम पक्कं होतं. ते तुटलं नाही, खालचं खरं नख घेऊन मुळासकट वर आलं. मी जमिनीवर बसले. ओरडल्याचं मला आठवत नाही, पण सासूबाई स्वयंपाकघरातून हातातल्या पिठासकट धावत आल्या, म्हणजे ओरडले असेन.

*

डोंबिवली पूर्वेला त्वचेच्या एक डॉक्टर मॅडम होत्या. मितभाषी, जाड चष्मा, पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर. त्यांनी बोटं बघितली आणि विचारलं, "कशाने चिकटवलीत?" मी सगळी कृती सांगितली, जरा ऐटीतच. त्यांचं लिहिणं थांबलं.

"हे लिक्विड तुम्ही रोज हाताळता?"

"रोज. माझं कामच आहे ते."

त्यांनी नखं भिजवून, घासून, हळूहळू काढली. खाली जे निघालं त्याला नख म्हणायची लाज वाटावी. काही कागदासारखी पातळ, काही अर्ध्यापर्यंत सुटलेली. अंगठ्यातला पू काढावा लागला. मग त्यांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे पाठीवर पट्ट्या चिकटवतात, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ, आणि कातडी कशावर चिडते ते बघतात. पट्ट्या होत्या तोवर अंघोळ नाही, पाठ टेकायची नाही. लिक्विडच्या पट्टीखाली आग आग होत होती. निकाल मला आधीच कळला होता, पण माणूस चुकीची आशा करतोच.

मॅडमनी निकाल वाचला. म्हणाल्या, "नखं येतील. वेळ लागेल, पण येतील. बोटांची टोकं बधिर वाटतायत तेही बहुतेक सुधारेल. पण हे लिक्विड तुमच्या कातडीने आता ओळखून ठेवलंय. पुन्हा हात लावलात की हेच होणार, कदाचित याहून वाईट."

"किती दिवस?"

"दिवसांचा प्रश्न नाही. कायमचं आहे हे."

"मग कामाचं काय?"

विलास शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, कारण त्याला वाटलं होतं मी नखांचं विचारीन. मॅडम म्हणाल्या, "दुसरं काम बघा." त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, तरी मला त्या बाईचा राग आला. खाली उतरल्यावर मी रस्त्यात रडले. विलास म्हणाला, "अगं, नखं येतील म्हणाल्या ना त्या."

*

नख कशाला लागतं हे ते गेल्याशिवाय कळत नाही. टिकलीच्या पाकिटावरून टिकली सुटत नाही. लसूण सोलता येत नाही. साडीची पिन, ब्लाउजचा हूक, गजऱ्याची गाठ, सगळीकडे अडतं. रोज ड्रेसिंगला जायचं, कंपाउंडर जुनी पट्टी भिजवून काढायचा, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचे. बोटं पांढऱ्या कापडात, वरून प्लास्टिकची पिशवी. वरणभात चमच्याने खायचा. मला चमच्याने जेवलेलं जेवल्यासारखं वाटतच नाही.

सासूबाई रत्नागिरीकडच्या, तोंडाने फटकळ. "नखं हवी होती महाराणीला," म्हणत माझी वेणी घालायच्या. हूकही त्याच लावायच्या, आणि लावताना त्यांची बोटं फार हळू चालायची.

एकदा विलासची आत्या आली. तिने माझी बोटं बघितली, बधिर आहेत हे काढून घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना म्हणाली, "नखं गळतात, बोटं बधिर होतात, वहिनी, हे दुसरंच काहीतरी नाही ना? कपबशा तरी वेगळ्या ठेवा." महारोगाचं नाव तिने घेतलं नाही. मी हातातला चहा अर्धा टाकून उठायला लागले. सासूबाईंनी माझा कप उचलला आणि उरलेला चहा आत्याच्या समोर बसून, बशीत ओतून, फुर्र फुर्र करत पिऊन टाकला. ज्या बाईने आयुष्यात कोणाचं उष्टं खाल्लं नव्हतं तिने. मग आत्याला विचारलं, "तुम्हाला आणखी हवाय का चहा?"

या आजारपणात मला जे काही मिळालं त्यात हे सगळ्यात मोठं.

*

पण एक लिहायलाच हवं. मी घरी बसले याचं घरात सगळ्यांना बरं वाटत होतं. सासूबाईंना सोबत झाली. विलासला माझ्या हातांचा तो वास कधीच आवडला नव्हता. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं. नाहीतरी ठाण्यापर्यंत किती दगदग व्हायची तुझी." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी कणीक मळायला लागले तशी आठवण जास्तच यायला लागली. कणकेत मी तो क्षण शोधायचे. कणकेला तसा क्षण नसतो, ती कधीही मळली तरी कणीकच. बोटांत हळूहळू जीव येत होता. एक दिवस तव्यावरची पोळी उचलताना बोटाला चटका बसला आणि मी आनंदाने सासूबाईंना हाक मारून सांगितलं. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. बोटं परत आली होती, फक्त त्यांना जायला जागा नव्हती.

मी एकदा गुपचूप नौपाड्याला जाऊन आले. रबरी हातमोजे घालून थोडंसं पीठ मळलं. मोज्यातून काही जाणवत नव्हतं, तरी मी मळत राहिले. दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा सुजली. लिक्विड रबरातूनही आत जातं, हे मॅडमनी मला तेव्हा सांगितलं, आणि या वेळी त्या खरोखर रागावल्या.

मग नखं आली. पूर्ण, गुलाबी, एकसारखी. ना मशीन, ना भुकटी, हातांना काम नाही, त्यामुळे अशी सुंदर वाढली की हळदीकुंकवाला बायका हात धरून बघायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आता कसे हात दिसतात." मला ती नखं बघवत नव्हती. त्या संध्याकाळी विलासने तेच म्हटलं आणि मी एकदम बोलले, "मला नको आहेत रे ही. मला तिथे जायचंय. मला कवळ्या करायच्यात." तो म्हणाला, "मला वाटलेलं तुला नोकरीची आठवण येते. मला माहीत नव्हतं हे असं आहे." मी म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तोच माझ्याबरोबर मॅडमकडे आला. आम्ही एकेक वस्तू विचारत गेलो. प्लास्टर? चालेल. मेण? चालेल. साच्यात न गेलेले, पाकिटातले तयार दात? मॅडमनी विचार केला, म्हणाल्या, जपून बघा, काही झालं तर लगेच या. लिक्विड ज्या खोलीत आहे ती खोली? नाही. नवी कवळी हातात घेणं? नाही, ते मुळीच नको, नव्या कवळीत कच्चं लिक्विड थोडं तरी उरतंच, हिरडीला चालतं ते तुमच्या बोटांना चालणार नाही.

*

सामंत सरांनी माझं टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावून दिलं. मधलं दार बंद ठेवायचं ठरलं. मी मेणात दात मांडायचे, मांडणी आत जायची, पुढचं सगळं सर करायचे. मी नखं पहिल्याच दिवशी कापून टाकली. आतून मशीनचा आवाज आला की काय चाललंय ते मला कळायचं. वास तेवढा दारातून येत नसे. तो यावा असं वाटायचं, हे मॅडमना मी कधी सांगितलं नाही.

माझ्या मांडणीची पहिली कवळी तयार झाली तेव्हा सर ती घेऊन बाहेर आले. धुतलेली, ओली, गुलाबी. टेबलापासून जरा दूर उभे राहिले आणि उजेडात फिरवून दाखवायला लागले, आधी समोरून, मग आतून.

"उजवा सुळा जरा उंच वाटतोय," मी म्हणाले.

"कुठे? मला नाही दिसत."

"डोळ्याला नाही दिसायचा तो सर. बोट फिरवून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. "नाही गं, सारखा आहे."

सारखा नव्हता. माझा हात त्यांच्या हातापर्यंत गेला होता, बोटं उघडून. सर कवळी घेऊन एक पाऊल मागे सरकले. मी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बोट पुन्हा फिरवा. सावकाश. डोळे मिटून."